कमरेतलं स्टेरॉइडचं इंजेक्शन: घेण्याआधी, त्या दिवशी आणि नंतर काय सांभाळायचं

‘ऑपरेशनची घाई नको, आधी एक इंजेक्शन देऊन बघू’ असं डॉक्टरांनी सांगितलं, की घरी येईपर्यंत दोन प्रकारचे सल्ले गोळा झालेले असतात. सोसायटीतले काका म्हणतात, मला एका सुईत मोकळं वाटलं, तिसऱ्या दिवशी पर्वती चढलो. मावशी सांगते, तिच्या ओळखीतल्या बाईचा त्या सुईनंतर पायच गेला. काका खोटं बोलत नाहीत, आणि मावशीचंही ऐकीव म्हणून उडवून लावता येत नाही. बहुतेकांना या इंजेक्शनचा त्रास होतो तो किरकोळ, चार दिवसांत विसरायला होईल असा. फार थोड्यांच्या बाबतीत मात्र जे होतं ते आयुष्यभर पुरतं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. सुई टोचणं माझं काम नाही. सुईच्या आधी आणि नंतर माणसं माझ्याकडे येतात. त्यामुळे ऑपरेशन थिएटरमधल्या कौशल्याबद्दल मी फार बोलणार नाही. पण गुंतागुंत टाळण्यातला बराच भाग थिएटरच्या बाहेर, रुग्णाच्या आणि घरच्यांच्या हातात असतो, आणि तोच कोणी नीट समजावून सांगत नाही.

पायरी 1: चिठ्ठीवर नक्की काय लिहिलंय ते विचारा

‘मणक्यात इंजेक्शन’ या एका नावाखाली बऱ्याच गोष्टी खपतात. फॅसेट जॉइंटमध्ये, म्हणजे दोन मणक्यांच्या मागच्या छोट्या सांध्यात दिलेलं इंजेक्शन वेगळं. माकडहाडाच्या वरचं त्रिकोणी हाड आणि खुब्याचं हाड यांच्या सांध्यातलं, ज्याला एसआय जॉइंट म्हणतात, ते वेगळं. आणि पायात कळ जाते, मुंग्या येतात, ‘नस दबली आहे’ असं सांगितलंय, तेव्हा बहुधा दिलं जातं ते एपिड्युरल. हा लेख मुख्यतः या एपिड्युरलबद्दल आहे, कारण गंभीर गुंतागुंती प्रामुख्याने तिथल्या आहेत.

मज्जारज्जू आणि नसांच्या जुडग्याभोवती पाण्याची पिशवी असावी तसं एक आवरण असतं, ड्युरा. आत मेंदूपासून आलेलं पाणी, बाहेर चरबी आणि बारीक रक्तवाहिन्या असलेली अरुंद जागा. औषध या बाहेरच्या जागेत सोडायचं असतं. तिथे पोचायच्या वाटा तीन. माकडहाडाजवळच्या छिद्रातून खालून वर जाणारी ती कॉडल. पाठीच्या मधोमध, दोन मणक्यांच्या फटीतून जाणारी इंटरलॅमिनार. आणि बाजूने, नस जिथून बाहेर पडते त्या खिडकीतून जाणारी ट्रान्सफोरामिनल. तिसरी वाट औषध दबलेल्या नसेच्या अगदी जवळ नेते, म्हणून डॉक्टरांना आवडते. पण त्याच खिडकीतून नसेसोबत मज्जारज्जूला रक्त पुरवणारी बारीक धमनीही आत जाऊ शकते. पुढची बरीच भानगड या एका गोष्टीतून निघते, म्हणून ती लक्षात ठेवा.

मानेतलं इंजेक्शन असेल तर आणखी एक प्रश्न विचारा: कोणत्या वाटेने? कमरेच्या खालच्या भागात मज्जारज्जू संपलेला असतो, फक्त नसा असतात. मानेत तो पूर्ण जाडीचा असतो आणि मेंदूकडे जाणाऱ्या धमन्या शेजारीच असतात. तिथे चुकीला जागा नाही.

पायरी 2: हे आपल्यासाठी आहे का, ते आधी ठरवा

जी सुई घ्यायचीच गरज नव्हती, तिची गुंतागुंत सोसावी लागण्यासारखं वाईट काही नाही. एमआरआयमध्ये ‘डिस्क बल्ज’, म्हणजे मणक्यांमधली गादी थोडी बाहेर फुगलेली, असं लिहून आलं म्हणून घाबरू नका. काहीही दुखत नसलेल्या लोकांचे एमआरआय काढून पाहिले तर विशीतल्या साधारण 30 टक्के आणि ऐंशीतल्या 84 टक्के लोकांत बल्ज सापडतो. कमरेतली गादी सरकून पायात जाणारी कळ बऱ्याच जणांची सहा ते बारा आठवड्यांत सुईशिवायही कमी होते.

ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेची 2016 ची मार्गदर्शक सूचना या बाबतीत स्पष्ट आहे. नुसत्या कंबरदुखीसाठी मणक्यात इंजेक्शन देऊ नका. पायात जाणारी ताजी आणि तीव्र कळ असेल तर एपिड्युरलचा विचार करा. चालताना पाय भरून येणं, थोडं बसलं की बरं वाटणं, म्हणजे मणक्याचा मार्ग अरुंद झाल्याचा त्रास असेल तर त्यासाठी एपिड्युरल वापरू नका. याच अरुंद मार्गाच्या 400 रुग्णांवर अमेरिकेत झालेला एक अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना नुसतं भुलीचं औषध दिलं, निम्म्यांना त्यात स्टेरॉइड मिसळून. सहा आठवड्यांनी दोन्ही गटांत सांगण्यासारखा फरक उरला नाही.

माझं मत असं: पायातली कळ झोपू देत नसेल, गोळ्यांनी भागत नसेल आणि ऑपरेशन टाळायला किंवा व्यायाम सुरू करायला दोन-तीन महिन्यांची उसंत हवी असेल, तर या सुईला अर्थ आहे. ‘वर्षानुवर्षं कंबर धरते’ एवढ्याच तक्रारीवर ती घेणं मला पटत नाही.

पायरी 3: डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगायच्या गोष्टी

ओपीडीत गर्दी असते. तुमच्या आधी बारा जण, नंतर वीस. त्यामुळे खालच्या गोष्टी एका कागदावर लिहून न्या आणि हातात द्या.

सर्वांत वर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल, असिट्रॉम, वॉरफरिन, रिव्हारोक्सॅबॅन, अपिक्सॅबॅन यांपैकी काहीही चालू असेल तर ते सांगायलाच हवं. सुई एपिड्युरल जागेतल्या बारीक शिरेला लागणं नवलाचं नाही. एरवी रक्त आपोआप थांबतं. या गोळ्यांवर ते थांबत नाही, गाठ वाढत जाते आणि नसा दाबते. काही तासांत पाय निकामी होऊ शकतात. म्हणून साधारणपणे क्लोपिडोग्रेल 7 दिवस आणि वॉरफरिन 5 दिवस आधी बंद करून, वॉरफरिनच्या बाबतीत आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी चाचणी, बघूनच पुढे जातात. इकोस्प्रिनचा निर्णय माणूस आणि सुईची वाट पाहून घेतात.

पण यातली एकही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. अँजिओप्लास्टी होऊन वर्ष झालेलं नसताना कंबरेच्या सुईसाठी क्लोपिडोग्रेल थांबवली आणि स्टेंटमध्ये गाठ झाली, तर कंबर राहील बाजूला. ज्या डॉक्टरांनी गोळी लिहून दिली त्यांच्याकडून दोन तारखा लेखी घ्या: बंद कधी करायची आणि पुन्हा चालू कधी करायची. दुसरी तारीख घ्यायचं लोक हमखास विसरतात.

मग शुगर. मधुमेह असेल तर अलीकडचं एचबीए1सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारा रिपोर्ट, सोबत न्या. शुगर आधीच हाताबाहेर असेल तर तारीख पुढे ढकलणं शहाणपणाचं. एकतर स्टेरॉइडने ती आणखी चढेल आणि जंतुसंसर्गाचा धोकाही वाढेल.

अंगात कुठेही चालू असलेला जंतुसंसर्ग. दाढेला पू, लघवीला जळजळ, मांडीवरचं गळू, पायाची न भरणारी जखम. ‘कंबरेशी त्याचा काय संबंध’ असं वाटतं, पण रक्तातून फिरणारे जंतू आणि प्रतिकारशक्ती दाबणारं औषध एका जागी आणायचं नसतं.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट विसरून चालत नाही: मणक्याचा क्षयरोग. जगातले साधारण एक चतुर्थांश टीबी रुग्ण भारतात आहेत आणि हा रोग मणक्यातही बसतो. रात्री जास्त दुखणं, संध्याकाळची कणकण, रात्रीचा घाम, कारण नसताना उतरलेलं वजन, घरात कोणाला टीबी झालेला असणं, यांपैकी काही असेल तर ‘मणक्यात गॅप आलाय’ यावर समाधान मानू नका. त्यावर स्टेरॉइड टोचलं तर दुखणं थोडे दिवस दबतं आणि रोग आत पसरत राहतो. पूर्वी कॅन्सर झाला असेल तर तेही याच कारणासाठी सांगा.

एचआयव्हीची औषधं चालू असतील आणि त्यात रिटोनाविर असेल, तर लाज न बाळगता डॉक्टरांना एकटं गाठून सांगा. रिटोनाविरमुळे शरीरातलं स्टेरॉइड, विशेषतः ट्रायमसिनोलोन, लवकर बाहेर पडत नाही. एका इंजेक्शननेही चेहरा सुजणं, शुगर चढणं आणि शरीराची स्वतःची स्टेरॉइड ग्रंथी झोपी जाणं, असा गंभीर प्रकार होऊ शकतो.

शेवटचं, आणि कोणी विचारत नाही असं: पुड्या. गुडघेदुखी-कंबरदुखीवर बिनलेबलाच्या पुड्या आणि गोळ्या मिळतात आणि ‘दोन दिवसांत गुण’ येतो. त्यातल्या काहींत गुपचूप स्टेरॉइड मिसळलेलं असतं. तुम्ही महिनोन्महिने त्या घेत असाल तर कंबरेतलं इंजेक्शन पहिलं नसून कितवं तरी आहे. गुडघ्यात, खांद्यात, टाचेत घेतलेली इंजेक्शनं, दम्याच्या वा त्वचेच्या आजारासाठीच्या स्टेरॉइड गोळ्या, सगळं याच हिशोबात धरायचं. याशिवाय काचबिंदू, डायची (एक्स-रेत दिसणाऱ्या औषधाची) किंवा भुलीची अॅलर्जी, गर्भ असण्याची शक्यता. एक्स-रे वापरला जातो म्हणून पाळी चुकली असेल तर आधी तपासणी.

पायरी 4: चार प्रश्न, आणि ते विचारायला संकोच नको

पहिला: औषध कोणतं? मिथाइलप्रेडनिसोलोन आणि ट्रायमसिनोलोन ही दुधाळ, कण असलेली औषधं. डेक्सामेथासोन पाण्यासारखं स्वच्छ. कण असलेलं औषध जागेवर जास्त काळ टिकतं, असा पूर्वीपासूनचा समज. पण ते कण चुकून पायरी 1 मधल्या त्या बारीक धमनीत गेले, तर रक्तपुरवठा बुजतो आणि मज्जारज्जूचा तुकडा मरतो. मानेत असं झालं तर मेंदूत झटका येतो. औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या संस्थेने एप्रिल 2014 मध्ये एपिड्युरल स्टेरॉइडबद्दल इशारा दिला तो अशाच गंभीर घटनांबद्दल: दृष्टी जाणं, पक्षाघात, पाय जाणं आणि मृत्यू, क्वचित पण घडलेलं. एपिड्युरल जागेत देण्यासाठी कोणत्याही स्टेरॉइडला आपण मान्यता दिलेली नाही, हेही एफडीएने त्यात नोंदवलं. पुढच्याच वर्षी तज्ज्ञ संस्थांच्या गटाने सांगितलं, की मानेत बाजूच्या वाटेने कण असलेलं औषध देऊच नये आणि कमरेतही बाजूच्या वाटेने पहिलं इंजेक्शन डेक्सामेथासोनचं असावं. तेव्हा ‘ट्रान्सफोरामिनल देणार असाल तर डेक्सा वापरणार का?’ हा प्रश्न आगाऊपणाचा नाही. उत्तर ‘नाही’ आलं तर कारण ऐका.

दुसरा: सी-आर्म वापरणार का, आणि डाय टाकून बघणार का? सी-आर्म म्हणजे हलता एक्स-रे. नुसत्या हाताच्या अंदाजाने दिलेली सुई बऱ्याचदा भलत्या जागी असते. सुई जागेवर गेल्यावर थोडा डाय सोडतात आणि पडद्यावर तो कसा पसरतो ते पाहतात. नसेच्या कडेने पसरला तर ठीक. क्षणात वाहून गेला तर सुई रक्तवाहिनीत आहे. ते बघायला डाय सोडताना पडदा चालू असावा लागतो. आयोडीनच्या डायची अॅलर्जी असलेल्यांसाठी वेगळा विचार करतात.

तिसरा: झोपवणार का? भीतीपोटी रुग्णच म्हणतात, ‘मला पूर्ण झोपवा.’ नका म्हणू. सुई नसेला टेकली तर वीज गेल्यासारखी कळ पायात जाते आणि तुम्ही ‘आई गं’ म्हणता, तीच डॉक्टरांसाठी थांबायची खूण. गाढ झोपलेला माणूस ती देऊ शकत नाही. त्वचेला भूल आणि फार तर भीती कमी करणारं हलकं औषध, एवढं पुरतं.

चौथा: बाटली सीलबंद, एका रुग्णापुरती असेल ना? हे संशयखोर वाटेल. 2012 मध्ये अमेरिकेत काय झालं ते ऐका. मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम गावी न्यू इंग्लंड कंपाउंडिंग सेंटर नावाची औषधं मिसळून विकणारी फार्मसी होती. तिथे तयार झालेल्या मिथाइलप्रेडनिसोलोनच्या तीन बॅचमध्ये बुरशी होती. सप्टेंबरमध्ये टेनेसीत एका रुग्णाला मेंदूज्वर झाला, कारण सापडेना, आणि मग धागा कंबरेतल्या इंजेक्शनपर्यंत गेला. तोवर चौदा हजारांच्या आसपास लोकांना ती औषधं टोचून झाली होती. वर्षभरानंतरच्या सरकारी मोजणीत 20 राज्यांत 753 जण आजारी आणि 64 मृत्यू. यातल्या अनेकांना सुईनंतर लगेच काही झालं नव्हतं. डोकेदुखी आणि ताप आठवड्यांनी आला. डॉक्टरांचा हात चुकला नव्हता, बाटलीत घाण होती. म्हणून औषधाचं नाव, कंपनी आणि बॅच क्रमांक डिस्चार्ज कार्डावर लिहून मागा. बाटलीवरचं स्टिकर फाइलला चिकटवलं तर आणखी उत्तम.

हे विचारणं तुमचा हक्क आहे. 2008 च्या समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे, की उपचाराचं स्वरूप, धोके आणि पर्याय समजावून दिल्यावर घेतलेली संमती हीच खरी. ‘इथे सही करा’ म्हणत पुढे आलेल्या कागदावर मजकूर न वाचता सही करू नका. मराठीत हवा असेल तर मागा.

पायरी 5: त्या दिवशी

सोबत एक माणूस हवा, गाडी तुम्ही चालवायची नाही. किती तास उपाशी राहायचं ते विचारा. मधुमेहाच्या गोळ्या सकाळी घ्यायच्या की नाही तेही. ताप, खोकला, नवीन फोड असेल तर निघण्याआधी फोन करा आणि तारीख बदलून घ्या.

टेबलावर पालथं झोपवतात, पोटाखाली उशी. पाठ थंड औषधाने पुसतात आणि भुलीची चुणचुण जाणवते. मग दाब जाणवतो, दुखणं फारसं नाही. औषध आत जाताना पायात तीच ओळखीची कळ हलकेच उठली तर घाबरू नका, औषध योग्य नसेजवळ पोचल्याचं ते लक्षण असू शकतं. पण धारदार, न थांबणारी कळ, अचानक पाय जड होणं, छातीत धडधड, कानात शीळ किंवा तोंडात धातूसारखी चव आली तर लगेच बोला. हलू नका, फक्त बोला.

काहींना सुईच्या दर्शनानेच घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. नाडी मंदावल्याने असं होतं, थोडा वेळ आडवं पडल्यावर जातं. नंतर अर्धा-एक तास तिथेच ठेवतात. उठताना कोणाचा तरी हात धरा. भुलीच्या औषधाने पाय काही तास बधिर राहू शकतो आणि माणसं बाथरूमकडे जाताना पडतात. निघण्याआधी लघवी होतेय ना, ते बघा.

पायरी 6: पहिला आठवडा, कटकटीचा

भूल उतरली की पूर्वीपेक्षा जास्त दुखतं. एक ते तीन दिवस हे चालू शकतं. स्टेरॉइडचा परिणाम दोन-तीन दिवसांनी सुरू होतो, कधी पूर्ण जाणवायला दोन आठवडे लागतात. पहिल्या रात्री ‘फसलो’ असं ठरवू नका. सुईच्या जागी बर्फ चालेल. दोन-चार दिवस टबात बसणं, पोहणं नको, शॉवर चालतो.

चेहरा आणि छाती लाल होऊन गरम वाटणं, रात्री टक्क जाग, विनाकारण उत्साह किंवा चिडचिड, भूक वाढणं, थोडी सूज, पाळी मागेपुढे होणं, रजोनिवृत्ती झालेल्यांना थोडं रक्त दिसणं, हे स्टेरॉइडचं देणं. रक्त दिसलं तर मात्र स्त्रीरोगतज्ज्ञांना कळवा. उचक्याही लागतात, आणि कधी कधी दोन दिवस थांबत नाहीत. सुईने उचकी लागते हे घरी कोणाला पटत नाही, पण हे माहीत असलेलं आहे.

मधुमेहींनी या आठवड्यात ग्लुकोमीटर उशाशी ठेवायचा. शुगर पहिले दोन-तीन दिवस सर्वांत जास्त चढते, काहींची आठवडाभर राहते. नुसती सकाळची उपाशीपोटीची तपासून फसगत होते, कारण स्टेरॉइड दुपार-संध्याकाळची शुगर जास्त वाढवतं. सकाळी उपाशीपोटी, दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्री झोपण्याआधी अशी तीन वेळा बघा, वहीत लिहा. आकडा 300 च्या वर टिकून राहिला, तहान आणि लघवी वाढली किंवा उलट्या सुरू झाल्या, तर डॉक्टरांना त्याच दिवशी गाठा. इन्सुलिनचा डोस किती वाढवायचा हे सुईच्या आधीच विचारून ठेवलेलं बरं. रक्तदाबही या दिवसांत दोन-तीनदा मोजा.

पायरी 7: डोकेदुखीची परीक्षा

सुई चुकून ड्युराच्या आवरणाला टोचून गेली, तर छोटंसं भोक पडतं आणि आतलं पाणी झिरपतं. मग एक विशिष्ट डोकेदुखी होते. ओळखायची पद्धत सोपी: सपाट आडवं व्हा. पाच-दहा मिनिटांत डोकं हलकं झालं आणि उठून बसल्यावर पुन्हा ठणकायला लागलं, तर तीच. बहुधा पहिल्या तीन दिवसांत सुरू होते; सोबत मान आखडणं, मळमळ, कानात गुंजन, कधी दोन-दोन दिसणं.

बऱ्याच जणांची ती झोपून राहणं, भरपूर पाणी, साध्या वेदनाशामक गोळ्या आणि चहा-कॉफी यांवर आठवडाभरात जाते. जात नसेल किंवा उठताच येत नसेल तर ब्लड पॅच करतात: तुमच्याच हातातून काढलेलं थोडं रक्त त्या भोकाजवळ एपिड्युरल जागेत सोडतात, ते गोठून भोक बुजतं. गुण पुष्कळदा तासाभरात दिसतो. ‘अॅसिडिटी आहे’, ‘मायग्रेन आहे’ म्हणून पंधरा दिवस अंगावर काढू नका. दीर्घकाळ झिरपत राहिलं तर क्वचित कवटीत रक्तस्राव होतो.

आडवं झाल्यावरही डोकं तसंच दुखत असेल, सोबत ताप असेल, उजेड सहन होत नसेल किंवा बरळणं सुरू झालं, तर ही वेगळी डोकेदुखी. तो मेंदूज्वर असू शकतो. थेट मोठं रुग्णालय.

पायरी 8: फोन करत न बसता निघायचं केव्हा

पायातली ताकद तासागणिक कमी होत जाणं. सकाळी चप्पल पायातून निसटत होती, दुपारी पाऊलच उचलत नाही, असं. भुलीचा बधिरपणा तासांनी कमी होतो, वाढत नाही; वाढत असेल किंवा उतरून परत आला असेल तर आत रक्ताची गाठ असू शकते. पाठीत अचानक उठलेली भयंकर कळ हे तिचं दुसरं लक्षण.

लघवी तुंबणं, नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, सायकलच्या सीटवर टेकतो तेवढा भाग बधिर होणं. बायका-पुरुष दोघंही हे सांगायला लाजतात आणि सकाळपर्यंत थांबतात. त्या एका रात्रीत ताबा कायमचा जाऊ शकतो. 108 ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने असं रुग्णालय गाठा जिथे रात्रीही एमआरआय होतो आणि न्यूरोसर्जन किंवा मणक्याचे सर्जन आहेत. ते कोणतं, हे सुईच्या आधीच शोधून ठेवा. तालुक्याच्या गावी राहत असाल तर पहिले दोन दिवस शहरात नातेवाइकांकडे राहण्यात कमीपणा नाही.

ताप आणि वाढती पाठदुखी. एपिड्युरल जागेत पू होणं हे दुर्मिळ, पण मधुमेहींत जास्त. ते लगेच दिसत नाही. काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी डोकं वर काढतं. स्टेरॉइड आणि पॅरासिटामॉल दोन्ही ताप दाबतात, म्हणून थर्मामीटर 99 दाखवतोय यावर विसंबू नका. पाठ दाबली की एका जागी जीव जाईल असं दुखणं, थंडी वाजणं, सुईच्या जागेतून पाणी येणं, यांतलं काहीही पुरेसं आहे. अशा वेळी ईएसआर, सीआरपी (आतली सूज किंवा जंतुसंसर्ग सुचवणाऱ्या रक्ततपासण्या) आणि एमआरआय लागतो. गल्लीतल्या दवाखान्यात अँटिबायोटिकचा कोर्स सुरू करून बघू नका; अर्धवट औषधाने चित्र पुसट होतं आणि निदान लांबतं.

रुग्णालयात पोचल्यावर पहिलं वाक्य हेच असू दे: ‘अमुक तारखेला मणक्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलंय.’ कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना हे कोणी सांगितलं नाही तर ते पाठदुखीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवू शकतात.

पायरी 9: पुढचे महिने, आणि दुसरी सुई

बाहेरून स्टेरॉइड आलं की शरीराची स्वतःची अॅड्रिनल ग्रंथी काही आठवडे सुस्तावते. एरवी कळतही नाही. पण त्याच काळात मोठा आजार, अपघात किंवा ऑपरेशन आलं, तर फार थकवा, उलट्या, रक्तदाब पडणं असं होऊ शकतं. दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरकडे गेलात तर इंजेक्शनची तारीख सांगा. मणक्याचं ऑपरेशन ठरत असेल तर सर्जनलाही. ऑपरेशनच्या आधीच्या काही आठवड्यांत स्टेरॉइड घेतलेल्यांत जखमेला जंतुसंसर्ग होण्याचं प्रमाण वाढलेलं दिसतं.

सुईने दुखणं कमी झालं की लोक दोन गोष्टी करतात. एक तर व्यायाम बंद, कारण आता दुखत नाही. किंवा लगेच सिमेंटची गोणी उचलतात. माझ्या कामाच्या दृष्टीने दुखणं कमी असलेले ते आठवडे हीच खरी कमाई. त्यात पाठीची आणि पोटाची ताकद वाढवली तर दुसरी सुई लागत नाही.

‘तीनचं पॅकेज’ मात्र मला खटकतं. पहिल्या सुईने काय झालं ते न बघता तीन तारखा आधीच देऊन टाकणं जुन्या काळची पद्धत आहे, तिला आधार नाही. पहिल्या सुईने निदान निम्मं दुखणं काही आठवडे कमी झालं, तरच दुसरीचा विचार. अजिबात फरक पडला नसेल तर तेच औषध त्याच जागी पुन्हा टोचून काय मिळणार? निदान तपासून बघा. वर्षात तीन-चारच्या वर जायचं नाही, हा सर्वसाधारण संकेत आहे. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांनी हाडांची घनता तपासून घ्यावी, कारण स्टेरॉइड साठत गेलं की हाडं ठिसूळ होतात.

काही त्रास झालाच, तर उपचार झाल्यावर तो नोंदवा. भारतात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडून चालणाऱ्या कार्यक्रमात होते. 1800-180-3024 या टोल फ्री क्रमांकावर रुग्ण स्वतः फोन करू शकतो, डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही. औषधाचं नाव आणि बॅच क्रमांक तिथे विचारतात.